क्लॅरिनेटच्या चपला

ओतिलिया येस्कासला 'गप्प बस' म्हणायची सोय आमच्या गावात कुणाला उरलेली नाही. एका ग्रामसभेत अध्यक्षांनी म्हणून पाहिलं होतं. ती बसली खरी, पण बसल्या जागेवरून तासभर बोलली, आणि शेवटी अध्यक्षांनीच तिच्याकडे घरी जायची परवानगी मागितली. उंची पाच फूटही नाही, बोटांना कायम कातड्याचा वास आणि कमरेला बापाची रापी. बाप गेल्यावर चपला शिवायचा धंदा तिने एकटीने पुढे चालवला. आमच्या डोंगरातल्या सात गावांतली माणसं तिने केलेल्या चपला घालून शेतात जातात, त्याच घालून लग्नात नाचतात आणि पुष्कळदा त्याच घालून पुरली जातात.

अशी ही खमकी बाई एकाच गोष्टीपुढे हळवी व्हायची, ती म्हणजे बँड. आमच्याकडे बँड वाजल्याशिवाय बारसं होत नाही की मयत निघत नाही. पण ओतिलियाच्या लहानपणी बँड फक्त पुरुषांचा होता. अकरा वर्षांची असताना एका दुपारी ती तालमीच्या खोलीत शिरली, आजारी वादकाची रिकामी खुर्ची दिसली, तिच्यावर बसली आणि खुर्चीवरचं क्लॅरिनेट हातात घेतलं. म्हाताऱ्या बँडमास्तरांनी तिचा दंड धरला. "मुलींचे ओठ चुलीला फुंकर घालायला असतात," असं म्हणत त्यांनी तिला दाराबाहेर नेऊन सोडलं. ते बोलणं तिला लागलंच. पण त्याहून जास्त लागलं ते हे, की तिला बाहेर काढत असताना बँड थांबला नाही. वीस-बावीस बाप्ये तिच्याकडे बघत बघत वाजवत राहिले, आणि एकाचाही सूर चुकला नाही.

गावच्या बँडमध्ये मुलींना घ्यावं का, याची म्हाताऱ्यांची चर्चा अजून चालूच आहे. त्यामुळे चार वर्षांपूर्वी आमच्या सरकारी माध्यमिक शाळेत कलाशिक्षणाची योजना आली, मुलामुलींना सारखीच वाद्यं मिळाली आणि ओतिलियाच्या बेनिताच्या हातात क्लॅरिनेट आलं, त्या दिवशी ओतिलियाने दुकान उघडलंच नाही. शाळेच्या पायरीवर बसून ती पोरीचे बेसूर फुत्कार ऐकत राहिली.

तेव्हापासून शाळेत आईबापांनी करायचं जे जे असेल त्यात ती पुढे. संगीताच्या खोलीची गळकी कौलं पालकांनीच बदलली, भिंती लिंपल्या, बाकं ठोकली. तालमीच्या दिवशी तीस पोरांसाठी घेवडा शिजायचा आणि तव्यावरून मक्याच्या तोर्तिया उतरत राहायच्या. आमच्याकडे याला तेकियो म्हणतात. गावात राहायचं तर गावाचं काम अंगावर घ्यायचं, मग तो रस्ता असो, पाण्याची टाकी असो की शाळा. त्याबद्दल कुणी आभार मानत नाही आणि कुणी अपेक्षाही करत नाही. न आलेल्याला मात्र वर्षभर ऐकून घ्यावं लागतं.

तर यंदा मार्चमध्ये संगीताचे मास्तर फिदेन्सियो तिच्या दुकानात आले. शहरातून बदली होऊन आलेला भिडस्त माणूस. मुलांना ओरडायचं असलं तरी आधी घसा खाकरून माफी मागणारा.

"ओतिलियाबाई, सापातिया पार गेल्यात. तुमच्याकडून होतील का?"

सापातिया म्हणजे बायकांच्या नाजूक चपला, सणाला घालायच्या. ओतिलियाने मान न उचलता विचारलं, "किती जोड?"

"जोड नाही. सुट्या. तीनशेच्या आसपास."

"सुट्या? लंगडीचा नाच बसवताय का मास्तर?"

"आणि माप जरा लहान आहे," म्हणत मास्तरांनी करंगळीचं नख दाखवलं.

आता मात्र तिने रापी खाली ठेवली. मास्तरांनी पिशवीतून बेनिताचंच क्लॅरिनेट काढलं आणि एक चावी उचलून दाखवली. चावीखाली इवलीशी गोल गादी होती. बोट दाबलं की ती भोकावर बसते, हवा अडते आणि सूर निघतो. वादक लोक त्या गादीलाच सापातिया म्हणतात. त्या कुजून फाटल्या होत्या. नऊ क्लॅरिनेटं आणि पाच सॅक्सोफोन, चौदाच्या चौदा वाद्यं फुसफुसत होती.

"मग खात्याला लिहायचं ना."

"लिहिलं होतं." मास्तरांनी घसा खाकरला आणि एक कागद पुढे केला. मास्तरांच्या अर्जावर शहरातल्या कुणा साहेबाने शेरा मारून खाली शिक्का उमटवला होता: 'पादत्राणे या योजनेत बसत नाहीत.'

ओतिलिया हसायला लागली ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मास्तर हसले नाहीत. त्यांच्याकडे दुसरंही पत्र होतं. वाद्यं नादुरुस्त पडून आहेत असं खात्याला कळलं होतं. येत्या गुरुवारनंतरच्या गुरुवारी निरीक्षक गाडी घेऊन येणार, वाद्यं परत नेणार आणि संगीताचा तास बंद करणार. त्या जागी कॉम्प्युटरचा तास. शाळेत कॉम्प्युटर एकही नव्हता.

तिचं हसू तिथेच विरलं. वाद्यं गेली तर बेनिताही आपल्यासारखीच दाराबाहेर उभी राहून दुसऱ्यांचं ऐकणार, हे तिला लख्ख दिसलं.

"सापातिया म्हटल्यावर मीही चपलाच समजले मास्तर," ती म्हणाली, "पण मी चपला शिवते. तो साहेब काय शिवतो? द्या ते इकडे."

मऊ कातडं शेळीच्या करडाचं चालणार होतं, ते दुकानात होतं. आतल्या गादीला मात्र दाट लोकर हवी, फेल्टसारखी. फेल्ट आमच्या गावात एकाच ठिकाणी असतं, पुरुषांच्या डोक्यावर. दुसऱ्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात अकरा आया जमल्या आणि प्रत्येकीच्या शालीआड नवऱ्याची टोपी होती. ओतिलियाने स्वतःच्या नवऱ्याची, सेलेरिनोची, लग्नातली काळी टोपी सगळ्यांदेखत उभी कापली.

"विचारलंस का गं त्याला?" माक्रिनाने विचारलं. ही तिची कोमाद्रे. एकमेकींच्या पोरांना बाप्तिस्म्याला चर्चमध्ये हातावर घेतल्यापासूनचं नातं, त्यामुळे काहीही बोलायची मुभा.

"विचारलं. झोपला होता. नाही म्हणाला नाही."

"माझा तर अध्यक्ष आहे. ग्रामसभेत बोडक्याने बसेल."

"डोक्याला तेवढीच हवा लागेल."

नऊ दिवस दुपारी हेच काम. ओतिलिया चकत्या कापायची, बाकीच्या फेल्टवर कातडं ताणून चिकटवायच्या, मग मेणबत्तीवर लाख वितळवून गादी चावीत बसवायची. पहिल्या चाळीस वाया गेल्या. कातडं जाड पडलं, हवा गळत राहिली, आणि पायाच्या मापात जिचा हात चाळीस वर्षांत चुकला नव्हता ती ओतिलिया नखाएवढ्या चपलेपुढे रडकुंडीला आली. ते तिने कुणाला दाखवलं नाही. कातडं पुन्हा तासलं, काचेवर घासलं, कांद्याच्या सालीइतकं पातळ केलं. मग सगळी भोकं बोटांनी बंद करून नळीतून हवा ओढली आणि नळी ओठाला घट्ट चिकटून 'टक्' करून सुटली. मास्तर म्हणाले, हाच तो आवाज. त्यानंतर व्हरांड्यात दिवसभर टकटक ऐकू यायची आणि गावात बोडक्या पुरुषांची संख्या वाढत गेली.

गुरुवारी साडेदहाला निरीक्षक उर्रुतिया साहेब आले. मागे रिकामी मोठी गाडी, डोक्यावर उत्तम करड्या फेल्टची टोपी. मास्तरांनी हात उचलला आणि तीस मुलांनी एक नाचाची धून अशी वाजवली की साहेबांचा ड्रायव्हर गाडीतून उतरून ठेका धरायला लागला. साहेबांनी पूर्ण ऐकलं. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या हातात छापील कागद होता.

"छान," ते म्हणाले. "दुरुस्ती कुणी केली?"

"आम्ही," ओतिलिया म्हणाली.

"म्हणजे स्वयंसेवक पालक. नावं आणि दुरुस्तीची प्रमाणपत्रं द्या."

"आम्ही स्वयंसेवक नाही."

"मग कोण?"

"स्वयंसेवक म्हणजे मनात आलं तर येतो, नाही आलं तर घरी झोपतो. आम्हाला ती चैन नाही. हा तेकियो आहे."

"बाई, आमच्या कागदात तसा रकाना नाही."

"मग आखून घ्या. पट्टी देऊ?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांनी चष्मा पुसला. तुमच्या भावना समजतात, ते म्हणाले, पण वाद्यं सरकारी आहेत. प्रमाणपत्र नसलेल्या माणसांनी त्यांत परकं सामान घातलंय. ती जप्त करून शहरात तपासायला न्यावीच लागतील. शहरात तपासायला गेलेली वस्तू परत आलेली आमच्या गावाने अजून पाहिलेली नाही. मास्तरांनी नुसता घसा खाकरला.

ओतिलियाने एप्रनच्या खिशातून घडी केलेला कागद काढला.

"हे वाचा. मोठ्याने."

साहेबांनी वाचलं. "पादत्राणे या योजनेत बसत नाहीत."

"शिक्का कुणाचा?"

"आमच्याच खात्याचा."

"म्हणजे सापातिया सरकारच्या नाहीत. लेखी आहे. वाद्यं तुमची, ती खुशाल न्या. चपला आमच्या, त्या आम्ही काढून घेतो."

तिने बेनिताच्या हातातून क्लॅरिनेट घेतलं. "आई, नको," बेनिता म्हणाली. ओतिलियाने पोरीकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हात धजला नसता. रापीचं टोक चावीखाली घालून तिने वरच्या अंगाची एक गादी उचकटली, एप्रनच्या खिशात टाकली आणि क्लॅरिनेट पोरीकडे परत दिलं.

"वाजव."

बेनिताने फुंकलं. नुसता वारा निघाला.

"आता लिहा साहेब. साडेदहाला वाद्य वाजत होतं, ते मी कानांनी ऐकलं. अकराला मी न्यायला घेतलं तेव्हा ते मुकं होतं. खाली सही करा. साक्षीदार म्हणून आम्ही सगळे सह्या करतो."

तोवर माक्रिनाने एका पोराच्या सॅक्सोफोनला हात घातला होता आणि तिच्या दुसऱ्या हातात शिवणाची कात्री होती. बाकीच्या आयाही मुलांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. फाटकापाशी माक्रिनाचा बोडका अध्यक्ष नवरा आणि आणखी बरेच बोडके बाप हाताची घडी घालून उभे होते.

उर्रुतिया साहेबांनी त्या कागदाकडे पाहिलं, मग मुलांकडे, मग आपल्याच खात्याच्या शिक्क्याकडे पुन्हा एकदा. त्यांनी पेन काढलं आणि सावकाश लिहिलं: 'वाद्ये वाजत्या स्थितीत आढळली. तास चालू ठेवावा.' एका रकान्यावर ते अडले.

"दुरुस्ती करणाऱ्याचा हुद्दा. काय लिहू?"

"चपला शिवणारी."

त्यांनी तसंच लिहिलं. निघताना ओतिलिया म्हणाली, "तुमच्या टोपीचं फेल्ट चांगलं आहे साहेब." साहेबांनी टोपीवर हात दाबून धरला तो गाडीचं दार लागेपर्यंत. गाडी आली तशी रिकामी उतारावरून गेली.

व्हरांड्यात एकच गलका झाला. माक्रिना घेवड्याचं पातेलं आणायला धावली, पोरं वाजवायला उतावीळ झाली. मास्तरांनी डोळे पुसले आणि हात उचलला. मुलांनी वाद्यं तोंडाला लावली, एका बेनिताने सोडून. तिच्या क्लॅरिनेटच्या चावीखाली उघडं भोक होतं.

"तुम्ही करा सुरू," ओतिलिया खिशात गादी शोधत म्हणाली. "मला वेळ लागेल. एका क्लॅरिनेटने काय अडतंय?"

मास्तरांनी उचललेला हात खाली घेतला. बाकीची एकोणतीस वाद्यंही खाली आली. त्या भिडस्त माणसाने यावेळी घसासुद्धा खाकरला नाही.

"बँड थांबेल," ते म्हणाले.

ओतिलिया पायरीवर बसली. मेणबत्ती पेटवली, लाख वितळवली. चाळीस वर्षं कातडं कापणारी तिची बोटं ती नखाएवढी चकती चावीखाली बसवू लागली आणि सगळा बँड तिच्याकडे बघत गप्प बसला होता. फाटकापाशी बापांपैकी कुणाला खोकला आला तोही ऐकू आला. गादी बसली. तिने भोकं बंद करून हवा ओढली, टक् झालं. तेवढ्यावर क्लॅरिनेट परत द्यायचं होतं. पण तिने ते ओठांत धरलं आणि फुंकलं. जाड, घोगरा, अर्धवट चिरकलेला एकच सूर निघाला. कुणी हसलं नाही.

तिने तोटी एप्रनला पुसली आणि क्लॅरिनेट बेनिताकडे दिलं.

"हं," ती म्हणाली. "आता वाजवा."