लाइनवर बाप बसला होता

मंडळी, पेडण्याहून आत्ताच परतलोय आणि अजून डोकं ठिकाणावर नाही.

राज्य संघाच्या निवडीचा सामना होता. माझा मित्र दत्ताराम जुना बॅडमिंटनपटू, त्याचे वडील फुटबॉलपटू, त्याची मुलगी मयुरी आता व्यावसायिक बॅडमिंटन खेळाडू. रेषेवर बसणारा एक लाइन जज आलाच नाही, तेव्हा मयुरीविरुद्ध खेळणारी मुलगीच दत्तारामला म्हणाली, “काका, तुम्हीच बसा.”

शेवटी त्या मुलीला जिंकायला एकच गुण हवा होता. मयुरीचा स्मॅश कोपऱ्यात, रेषेच्या आत पडला. मी मागेच होतो. दत्तारामने दोन्ही हात पसरले. बाहेर! मयुरीचा सामना गेला, संघातली जागाही गेली.

मी त्याला गाठलं. “दिसलं नाही का रे?”

“दिसलां मरे, भितरच होतां. पण लोक म्हणाले असते, बापाशीन चेडवाक जिंकवल्यान.”

मयुरी मागेच उभी होती. “बाबा, मी तुमची मुलगी नसते तर?”

“तर भितर दिलां असतां.”

ती आमच्या गाडीत बसली नाही. एकटीच बसने साखळीला घरी गेली.

दत्तारामला मी तीस वर्षं सरळ माणूस म्हणून ओळखतो. आज त्याने केलं त्याला तुम्ही काय म्हणाल?