बर्फावरून उडणारे आमचे भाटवे

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत मिळून आजवर बर्फावरून उडी मारणारा एकच माणूस निपजला, आणि तो नेमका आमच्या घरचा जावई झाला. आमचे भाटवे, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. उन्हाळ्यात भर दुपारी कावळाही सावली सोडत नाही अशा आमच्या मुलखात त्यांनी बर्फ पाहिला होता तो फक्त नागभीडच्या बाजारात, गोळेवाल्याच्या गाडीवर, गोणपाटात गुंडाळलेला. पुढे ते फौजेत गेले आणि फौजेने त्यांना थेट हिमालयात नेऊन ठेवले. पहिल्याच दिवशी त्यांनी मूठभर बर्फ चाखून शेजारच्या जवानाला विचारले म्हणे, "अन् साखर कवा टाकतेत?"

तिथे जवानांना पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फावर घसरायला शिकवीत. त्यातच एक उडीचा प्रकार होता. उंच उतारावरून सुसाट यायचे, शेवटी उताराचे टोक येते तिथून हवेत सुटायचे आणि जमेल तितके लांब जाऊन पायांवर उतरायचे. उडी कोण मारणार, असे साहेबांनी विचारल्यावर सगळी पलटण आपापल्या बुटांकडे पाहू लागली. भाटवे पुढे झाले. कवेलूच्या छपरावरून तणशीच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगात उड्या मारण्यातच त्यांचे बालपण गेले होते. पहिल्या उडीत ते पाहुण्यांसाठी मांडलेल्या चहाच्या टेबलावर उतरले. अंगावरचा चहा झटकत साहेबांनी विचारले, "डर नहीं लगता?" भाटवे म्हणाले, "लगता है साहब, लेकिन नीचे आने के बाद."

या एका उत्तरावर त्यांची कारकीर्द उभी राहिली. पुढची काही वर्षे फौजेच्या स्पर्धांत उडीचे पदक त्यांच्याशिवाय दुसऱ्याच्या गळ्यात पडले नाही. गावाने भर मे महिन्यात त्यांचा सत्कार ठेवला. हारातली फुले भाषण संपेपर्यंत वाळून गेली. शेवटी गावातले एक म्हातारे बाबाजी उठले. "पोरा, उडी मारली ते बर्फावरूनच ना?"

"हो बाबाजी."

"अन् पडला कायच्यावर?"

"बर्फावरच."

"मंग गेला कुठी तू?"

यावर भाटव्यांनी गळ्यातला वाळका हार काढून बाबाजींच्याच गळ्यात घातला.

अशी चढती कमान असताना ती मोठी स्पर्धा आली. ती जिंकली तर देशाच्या संघात जागा मिळणार होती. उडी अप्रतिम सुटली. हवेत असताना खालून शेकडो माणसे आपल्या नावाने ओरडताहेत हे भाटव्यांनी ऐकले, आणि संस्कार आडवे आले. इतकी माणसे आपल्याला हाक मारताहेत आणि आपण ओ द्यायची नाही? त्यांनी हवेतल्या हवेत दोन्ही हात जोडून रामराम केला. तोल गेला, गुडघा गेला आणि संघातली जागाही गेली. उरलेली नोकरी त्यांनी कोठारात कांबळी मोजण्यात काढली. "रामराम घेतला नसता तर लोक काय म्हणले असते?" असे ते हसत विचारायचे. हसून झाल्यावर मात्र बराच वेळ गुडघा चोळत बसायचे.

निवृत्त होऊन गावी आले ते पट्ट्यांसकट. बाईने, म्हणजे माझ्या बहिणीने, त्यांवर मिरच्या वाळत घातल्या. मिरच्या उतरल्या की भाटवे त्या पट्ट्या पुसून त्यांना मोहाच्या बियांचे तेल चोळायचे. चालताना ते असे पुढे झुकत की नवखा माणूस त्यांना धरायला धावे. लग्नात नवरीपेक्षा मांडवाचा उतार पाहत. एकदा आलापल्लीला सागवान बघायला नेले, तर सगळे लोक मान वर करून झाडे पाहत होते आणि हे एकटे टेकडीच्या पोटाकडे पाहत पुटपुटत होते, "बर्फ पडला असता, तं काय जागा होती!"

पण ही उडी गावात कोणी डोळ्यांनी पाहिली होती, अशी चहाच्या टपरीवर हळूहळू कुजबुज सुरू झाली. टपरीवाला एकदा त्यांच्या तोंडावरच बोलला, "भाऊ, फौजी लोकायच्या गोष्टी मोठ्याच राह्यतेत." भाटवे चहा अर्धा टाकून उठले. दिवाळीनंतर धान कापून झाले आणि त्यांनी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बांबूचा उंच मचाण-उतार बांधायला घेतला. त्यावर ओली तणस, तणशीवर तेल. खाली गच्च भरलेला तलाव. मी हातापाया पडलो. ते म्हणाले, "तू फकत दुपट्टा वर धर. खाली करशीन, तवाच मी निंगीन."

सकाळी सगळे गाव पाळीवर लोटले. भाटवे वर जाऊन बसले. खालून ते अगदी लहान दिसत होते आणि म्हातारेही. माझा हात काही खाली येईना. तेवढ्यात गर्दी फुटली आणि बाई तरातरा आली. टपरीवाला पुढे सरसावला. "बाई, उतरवा त्यायले. मी आपलं असंच बोललो होतो."

बाईने त्याच्याकडे पाहिलेही नाही. माझ्या हातातला दुपट्टा हिसकून घेतला आणि वर पाहून ओरडली, "अवो! सारी दुनिया पाहून बसली, मीच नाई पाह्यली तुमची उडी! या आता, मी पाहून राह्यली!" आणि तिने दुपट्टा खाली केला.

भाटवे सुटले. टोकावरून ते हवेत गेले. पट्ट्यांवर पुढे झुकलेला, हात अंगाशी घट्ट धरलेला तो माणूस आमच्या तलावावरून बगळ्यासारखा गेला. मग धप्पकन शिंगाड्याच्या वेलांत. बाहेर काढला तेव्हा एक पट्टी चिखलात गेली होती, कानावर वेल होता आणि चेहरा नवरदेवासारखा. टपरीवाला कंबरभर पाण्यात उभा राहून सगळ्यांना सांगत होता, "उडले ना बे! मी म्हणलोच होतो!"

घरी बाई त्यांचे डोके पुसत होती. तिने हळूच विचारले, "वरतं कसं वाटते?"

भाटवे विचार करून म्हणाले, "कोनी आपल्याले उचलून घेतल्यावानी. लहानपनी घेते ना, तसं."

बाई टॉवेल त्यांच्या डोक्यावर तसाच धरून बसली.

त्या उडीने गुडघ्याचे उरलेसुरले दिवसही संपवले. आता भाटवे काठी घेऊन चालतात. मागच्या महिन्यात गेलो तेव्हा संध्याकाळी दोघे तलावाकडून येत होते. पाळ उतरताना बाईने हात पुढे केला. भाटव्यांनी आधी इकडेतिकडे पाहिले, मग तो हात धरला आणि एकेक पाऊल टाकत, सावकाश, खाली आले.