नुसतं चालायचं कशाला

आमच्या ह्यांचा पाय साखरेने गेला असं सगळे म्हणतात. मी म्हणते, लाजेने गेला.

दशरथ त्यांचं नाव. गिरणीत मागांवर होते तेव्हा पाळीभर येरझाऱ्या, बसायची सोयच नव्हती. संप झाला, गिरणीचं दार काही परत उघडलं नाही, आणि घाटकोपरच्या डोंगरावर आमच्या चाळीत हा माणूस दोन वर्षं बसून राहिला. मग एका कारखान्यात वॉचमनची नोकरी लागली, तर तिथेही स्टूल! पोट सुटलं, घसा सारखा कोरडा. चाळीखालच्या दवाखान्यातल्या डॉक्टर क्षमाताईंनी रक्त तपासून घेतलं. साखर चढलेली, चरबीही चढलेली.

"गोळ्या देते," त्या म्हणाल्या, "पण गोळ्यांच्या जिवावर राहू नका. जेवणानंतर रोज भराभर चाला. हातापायांनी काम केलं की रक्तातली साखर तिथे खर्च होते."

तिथे मान डोलावली. घरी आल्यावर मला विचारतात, "नुसतं चालायचं कशाला? लोक म्हणतील, दशरथची ही पण नोकरी गेली."

खोटंही नव्हतं ते. संपानंतर चाळीत रिकामा पुरुष असाच ओळखू यायचा, कामाशिवाय रस्त्याने फिरणारा. दिसला की कुणीतरी हटकायचंच, "काय रे, मिळालं का कुठे?" ते ऐकून ऐकून ह्यांचं काळीज करपलं होतं. मी हातात पिशवी द्यायचे, बाजाराला निघालात असं वाटू दे म्हणून. हे कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायचे.

श्रावण लागला आणि जाखडीची तालीम सुरू झाली. आमच्या गुहागरकडचे पुरुष गणपतीत पायात घुंगरू बांधून गोलात नाचतात, त्याचा सराव चाळीमागच्या पटांगणात चालायचा. तिथे कसली लाज? रोज संध्याकाळी घामाने निथळत घरी यायचे. गणपतीला गावी जायच्या आधी मी त्यांना ओढून तपासायला नेलं. साखर खाली आलेली, चरबीही उतरलेली. क्षमाताई खूश झाल्या. "पण सोडू नका हं. सोडलंत की पुन्हा चढेल."

तेवढंच नेमकं ह्यांच्या कानात शिरलं नाही. अख्ख्या चाळीला सांगत सुटले, साखर गेली म्हणून. गोळ्यासुद्धा बंद केल्या. विसर्जन झालं, गावच्या घरी घुंगरांना हळदकुंकू लावून ते ठेवून दिले. आमच्यात मग पुढच्या श्रावणापर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही.

मुंबईला आल्यावर मी म्हटलं, "घुंगरू राहू देत. दार लावून नुसते पाय तरी हलवा."

"गणपती गेल्यावर कोण नाचतं? वेड लागलंय तुला."

परत स्टूल, परत दुपारी भाताचा डोंगर. मी भांडले, रडले, दोन दिवस बोलले नाही. भिंतीशी बोलले असते तर बरं झालं असतं.

उन्हाळ्यात अंगठ्याला बूट लागला. साखरेने पाय बधिर झालेला, दुखलंच नाही, म्हणून मला सांगितलंही नाही. वास यायला लागला तेव्हा मी पायमोजा ओढून काढला, अंगठा काळा पडलेला बघून तशीच त्यांना क्षमाताईंकडे घेऊन गेले. साखर पहिल्यापेक्षा वर गेली होती. मोठ्या हॉस्पिटलात पाय गुडघ्याखालून काढला.

तिथे कुबड्यांवर चालायला शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं की रोज चाला, नाहीतर दुसरा पायही जाईल. एका दुपारी डबा घेऊन गेले तर हे वॉर्डच्या मधल्या वाटेने निघालेले. त्या टोकापर्यंत गेले, वळले, परत आले. दोन्ही बाजूंच्या खाटांवरून माणसं टक लावून बघत होती, ह्यांना त्याचं काही नव्हतं. मला बघून चक्क हसले.

"जेवलो की रोज चालतो आता," म्हणाले.

मी डबा खाटेवर आपटला. "आता चालता? आता लाज नाही वाटत?"

कुबडी भिंतीला टेकवत ते म्हणाले, "इथे मला कोण ओळखतंय गं."