थरथरलेला हात

नाचणगावच्या आठवडी बाजारात बांगड्या भरणारी एक जाडजूड बाई बसते. बोटं दाबत दाबत ती गप्पा मारते, आणि घट्ट बांगडी कधी चढली ते कळतही नाही.

गेल्या वर्षी पाहिलं तर ती अर्धी झाली होती. "वजन उतरवाच्या गोळ्या हायेत, झाडपाल्याच्या. भूकच मरते बाप्पा," म्हणाली. पण तिचा हात थरथरत होता. बांगडी माझ्या मनगटावरच टिचली आणि रक्त आलं.

यंदा संक्रांतीला गेले, तर ती पुन्हा पहिल्यासारखी भरलेली. शेजारी बसलेली एकजण हसली, "काऊन वं, पुन्हा फुगून राह्यली?"

"गोळ्या सोडल्या," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "बारीक झालती, मस्त दिसत होती, खोटं काऊन बोलू? पन छाती धडधडे, झोप नाई, आन या हातानं या बाईचं रक्त काढलं. बांगड्या भरनं माह्यं काम हाय, बारीक दिसनं नाई. तुले माह्यं आंग खुपत असन तं तिकडं पाह्यजो."

मग ती माझ्याकडे वळली. "द्या हात, बाई."

ज्या मनगटावर तिच्या काचेचा वण आहे, तोच हात मी पुढे केला.