ओलं फडकं

शेलूबाजारहून कोकणात निघालेल्या आमच्या सहलीच्या बसमध्ये ती किन्हीराजाला चढली. बाजारात भाजी विकणारी बाई. नाव मी विचारलंच नाही.

किनाऱ्यावरच्या छोट्या मत्स्यालयात आम्ही काचांना नाकं लावून मासे पाहत होतो, तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, जाळ्यात जखमी झालेलं कासव बरं झालंय, आत्ता समुद्रात सोडणार! सगळे धावलो. कासव टबात होतं, पाठीवर ओलं फडकं. उन्हाने ते वाळायला लागलं होतं आणि तिथली माणसं आमची गर्दी मागे सारण्यात गुंतली होती. बाईने आपली बाटली उघडली आणि कोथिंबिरीवर मारतात तसं बोटांच्या झटक्याने पाणी मारायला लागली.

"हे कोणी शिकवलं तुमाले?" मी विचारलं.

"शिकवा कायले लागते? उनात जुडीचं काय होते, मले मालूम हाय."

टब वाळूवर टेकला, फडकं निघालं. कासव सरपटत निघालं, तशी तीही वाकून पाणी मारत सोबत चालली. लाट आली, कासव गेलं. आम्ही टाळ्या पिटल्या. तिचा हात थांबेना.

"मावशी, गेलं ते!"

"लंबा रस्ता हाय त्याचा," ती म्हणाली, आणि बाटलीतलं उरलंसुरलं पाणी तिने समुद्रावर शिंपडलं.