मामंजी काय म्हणाले

हे मी आजवर कुणाला बोलले नाही. यांना नाही, मुलांना नाही. देवळात हात जोडतानासुद्धा मी त्या दुपारच्या अलीकडेच थांबत आले. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही आमच्यातले कुणी नाही — म्हणून असेल.

वालावलला खाडीकाठी आमचं घर. पन्नास सालानंतरचा काळ. माझ्या सासऱ्यांनी — मी त्यांना मामंजी म्हणायची — आयुष्यभर राबून जमीन जोडली होती. पाण्यालगतचे माड, मागे भाताचा मळा, वरच्या अंगाला काजू आणि कलमं. सगळं स्वतः मिळवलेलं, ज्याला देतील त्याचं. मुलगे दोन, दोन बायकांचे. दोघी आया कधीच गेलेल्या. थोरले दत्ताराम, माझे भावोजी. धाकटे आमचे हे, गावच्या शाळेत मास्तर. भावोजींनी बापाचा शब्द मोडून देवबागच्या होडीवाल्याची मुलगी केली, तेव्हापासून बापलेक बोलत नव्हते. दहा वर्षं. एका छपराखाली दोन चुली. माडांची सगळी मेहनत भावोजींची, पण खळ्यात मामंजी दिसले की ते वाट बदलायचे. बागेचे तुकडे करायचे नाहीत, एकालाच द्यायची, असं मामंजी म्हणत. कुणाला, ते मात्र कधी बोलले नाहीत.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली — म्हणजे गेली नाही, पाण्याखालून बोलल्यासारखी झाली. शब्दांचे काठ विरघळून गेले होते. मी रोज पेज भरवायची, अंग पुसायची, आणि हळूहळू मला ते बोलणं कळायला लागलं. घरात दुसऱ्या कुणालाच कळेना. ‘काय म्हणतहत गो?’ असं हे मला विचारायचे, आणि मी सांगायची. मला त्याचा अभिमान वाटायचा — हेही लिहून टाकते. खाडीवरचं ऊन परतून माडीच्या तक्तपोशीवर, त्या लाकडी छतावर, हलत असायचं, खाली आम्ही दोघं, आणि जगात फक्त आम्हा दोघांचीच एक भाषा. कितीतरी दुपारी मी त्यात तरंगत राहिले.

दिवाळीनंतर एका दुपारी कुडाळचे वकील आले. जवळ बसून त्यांनी मोठ्याने विचारलं, बाग कुणाला द्यायची? खोलीत हे होते, गावातले दोन जाणते होते. भावोजींना कुणी बोलावलं नव्हतं.

मामंजींनी वकिलांकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. आणि बोलले.

सगळ्यांना नुसता एक ओला आवाज ऐकू आला असेल. मला शब्द ऐकू आला. चुकून ऐकला असता तर — पण नाही, चूक नव्हती. ‘थोरल्याक,’ म्हणाले. डोळ्यांतून पाणी आलं, आणि परत तेच, सावकाश. ‘थोरल्याक.’

सगळे माझ्याकडे बघत होते. बाहेर ओहोटी लागली होती, चिखलाचा वास येत होता. मी म्हणाले, “धाकट्याला, म्हणतायत.”

इतकंच. एवढंसं वाक्य.

मामंजी मान हलवू लागले. पण झटक्यापासून त्यांची मान हलायचीच. वकिलांनी कागद केला, निर्जीव उजव्या हाताचा अंगठा शाईत बुडवून उमटवला, जाणत्यांनी सह्या केल्या. हे तोंड फिरवून रडले — बापाने आपल्याला निवडलं म्हणून. हे स्वतः जाईपर्यंत तसंच समजत राहिले.

नंतरही मामंजी चार महिने जगले. ते चार महिने मला सोडत नाहीत. मी जवळ गेले की ते भिंतीकडे तोंड करायचे. इतरांशी मात्र बोलायचे — मुलांना, यांना हाताला धरून तोच शब्द पुन्हा पुन्हा. हे मला हाक मारायचे, “बघ गो, काय मागतहत?” आणि मी सांगायची, “पाणी.” मग पाणी आणून त्यांच्या ओठांना लावायची. ते प्यायचे नाहीत. एवढ्या दिवसांत एकदाही मला दुसरा शब्द सुचू नये?

शिमग्याच्या आधी ते गेले. तेराव्यानंतर कागद वाचला. भावोजी भांडले नाहीत. मागच्या पडवीत मी भांडी घासत होते, तिथे आले. इतक्या वर्षांत माझ्याशी ते कधी सरळ बोलले नव्हते.

“सुमती,” म्हणाले, “बाबांनी तसाच सांगल्यानी मां?”

त्यांना जमिनीचं विचारायचं नव्हतं. मला ते तेव्हाच कळलं होतं.

“होय,” मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी भरतीवर होडी लावली, बायको, दोन मुली आणि थोडी भांडी घेऊन खाडीने खाली देवबागला गेले, सासरवाडीच्या आश्रयाला. धुक्यात होडी कुठे संपली आणि पाणी कुठे सुरू झालं ते दिसेना. मी काठावर उभी होते. हाक ऐकू जाईल इतक्या अंतरावर ती बराच वेळ होती.

एकोणीसशे साठ उलटल्यावर भावोजी गेले. आम्ही भेटायला गेलो. जाऊबाई माझा हात हातात धरून बसल्या होत्या. म्हणाल्या, “शेवटपर्यंत एकच म्हणायचे गो, बाबांचो राग काय गेलो नाय माझ्यावरचो.”

राग गेला होता. त्या दुपारी, माझ्यासमोर, दोनदा गेला होता. ते ठाऊक असलेली मी एकटीच होते, आणि जाऊबाईंचा हात सोडवून मी चहा ठेवायला आत गेले.