नाल्याकाठची पडीत

वावराला झटका मशीन बसवलं त्या संध्याकाळी नारळ मी बायकोच्या हातून फोडून घेतला, बटण मात्र स्वतः दाबलं. चारही बाजूंनी तार, कोपऱ्यात सोलरची पाटी, तारेत विजेच्या झटक्याची टकटक सुरू. "आता रोही काय, रोह्याचा बाप आत येत नाही," असं मी तिला ऐकवलं. रोही म्हणजे पुस्तकातली नीलगाय. आमच्या पांढरकवड्याकडे तिला गाय म्हणून कोणी लाडावत नाही.

सकाळी जाऊन पाहतो तर अख्खा कळप आत.

तूर डोक्याच्या वर गेलेली, फुलावर आलेली. आदल्या दिवशी ही मंडळी तुरीत बसून होती आणि मी बाहेरून तार ओढत होतो. आत कोण आहे हे पाहायचं सुचलंच नाही. त्यांचं येणं बंद करता करता मी जाणं बंद केलं होतं. रात्रभर करतील काय, जेवत राहिले.

नाल्यापलीकडच्या वावराचे काका येऊन तारेशी उभे राहिले. बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "काय भाऊ, दूध देतात काय?"

बायको तारेबाहेरून मोडलेली झाडं मोजत होती, तेच मला जड गेलं. या वावरातली तूर म्हणजे आमच्या घरची वर्षाची डाळ, आणि उमरखेडला दिलेल्या लेकीच्या घरचीही. लेकीकडे दुकानची डाळ शिजावी हे हिला खपत नाही.

मी मशीन बंद केलं, रस्त्याकडचं फाटक सताड उघडलं आणि डबा वाजवत कळपामागे धावलो. धावलो म्हणजे पोट पुढे, मी मागे. कळप फाटकापर्यंत जायचा आणि वळून पुन्हा नाल्याकडच्या कोपऱ्यात, तारेला नाक लावून उभा. जेवढी तूर त्यांनी खाल्ली नव्हती तेवढी आमच्या या कवायतीत तुडवली गेली.

"अवो, थांबा," बायको म्हणाली. "फाटकाकडं कायले जातीन ते? फाटक तुमचं हाय. त्यायची वाट नाल्याकून हाय. मामाजी सांगत नव्हते काय?"

पक्कड आणून मी कोपऱ्यातली तार तोडली. कळप एकामागोमाग नाल्यात उतरला, कसलीही घाई न करता. शेवटचा काळसर निळा नर क्षणभर थांबला, माझ्याकडे पाहिलं आणि गेला.

मामाजी म्हणजे माझे बाबा. पेरणीच्या वेळी ते नाल्याच्या बऱ्याच अलीकडे तिफण वळवायचे. तो पट्टा म्हणजे आमची पडीत. बोरी, पळस, बाभळी आणि कमरेएवढं गवत. शाळा सुटली की आम्ही भावंडं तिथेच. बोरं खिशात, काटे पायात. गवतातून पायाखालून तितर भुर्रकन उडाला की मी दरवेळी दचकायचो, आणि बहिणीला तितरापेक्षा तेच पाहायला आवडायचं. वर टेकडीचं जंगल, खाली सागाचं, मधे आमची वावरं. जनावरं या नाल्यानंच ये-जा करायची. एकदा मी विचारलं, "बाबा, इथं काहून पेरत नाही?" ते म्हणाले, "येणाऱ्याजाणाऱ्याले वाट नको काय?" मला वाटलं पाहुण्यांबद्दल बोलतात. आमचे पाहुणे तर एसटीनं यायचे, त्यामुळे मी बरीच वर्षं गोंधळात होतो.

बाबांनंतर ट्रॅक्टर आला आणि मी पडीत मोडून वावर चौकोनी केलं. चौकोनी वावर दिसायला फार छान दिसतं. रोही मात्र जुन्याच वाटेनं येत राहिले. आता वाटेत तूर लागायची, एवढंच.

पुढच्या उन्हाळ्यात तार आत घेतली. मी नाल्याजवळ खांब रोवायला लागलो की ही म्हणायची, "अजून इकडं." असं करत करत तार बाबा तिफण वळवायचे तिथवर आली. काका आधी म्हणाले, "तुमच्या पाहुण्यायसाठी माह्यं वावर कायले?" पण वाट अडली की कळप आपल्याच कपाशीत मुक्काम करतो हे त्यांनीही भोगलं होतं. कुरकुरत का होईना, त्यांनी आपला काठ सोडला. पळस जुन्या मुळांवरून आपसूक फुटला. बोरी आम्ही लावल्या त्या निम्म्या मेल्या, पाखरांनी लावल्या त्या जगल्या. परवा गवतात शिरलो तर पायाखालून तितर उडाला. मी दचकलो. फार बरं वाटलं.

यंदा शेंगा चांगल्या भरल्या. लेक यायची म्हणून ओल्या शेंगा तोडायला आम्ही दोघं गेलो होतो. तारेपलीकडून, पडितीतून, कळप खालच्या जंगलाकडे निघालेला. तुरीकडे कोणी वळलं नाही. मागचा निळा नर थांबला आणि आमच्याकडे पाहत उभा राहिला.

"पाह्य," मी हळूच म्हणालो, "मले ओळखते तो."

ही शेंगा तोडतच होती. मान वर न करता म्हणाली, "ओळखीन नाही तं काय. दारं लावून जेवू घातलं होतं तुमी."